घोटीहून परत फिरू नका : भंडारदरा, राजूर, अकोले, टाहाकारी, सिन्नर एका दिवसात

गोदातीर

नाशिककरांचं भंडारदरा ठरलेलं असतं. घोटीहून आत वळायचं, धरणाजवळच्या शेंडी गावात चहा-भजी, तळ्याला चक्कर, आणि संध्याकाळी पुन्हा घोटीलाच येऊन हायवेच्या गर्दीत घुसायचं. मला विचाराल तर यातला परतीचा भाग साफ चुकतो. प्रवरा जिथे उगवते तिथवर गेलोच आहोत, तर तिच्याच संगतीने खाली उतरावं. रंधा धबधबा, राजूर, अकोले. तिथून आढळा नदीच्या खोऱ्यात शिरून टाहाकारी, ठाणगाव, सिन्नर आणि मग पुणे रस्त्याने घर. सगळं मिळून सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर. पहाटे निघालात तर दिवस पुरतो.

माझा क्रम असा. सहाला नाशिक सोडायचं. मिसळीला थांबायचं नाही. मिसळ म्हटलं की आठ इथेच वाजतात, आणि पुढे रतनवाडीत गाडी लावायला जागा उरत नाही. घोटीत टाकी भरायची, काहीतरी हातात घेऊन खायचं आणि वळायचं. बारीच्या आसपास डावीउजवीकडे लक्ष ठेवा, आकाश मोकळं असेल तर कळसूबाई गाडीतून दिसते. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, पण खालून बघताना शेजारची टेकाडंच अंगावर येतात आणि खरं शिखर मागे दडून राहतं.

शेंडीला न थांबता आधी रतनवाडी. पाण्याच्या दक्षिण अंगाचा रस्ता घ्या, मुतखेलवरून. सकाळी या बाजूला ऊन पाठीमागून येतं, समोर रतनगड आणि त्याचा खुट्टा, म्हणजे शेजारचा सुळका, स्पष्ट दिसतो. अमृतेश्वराच्या देवळात निवांत तासभर द्या. परत त्याच रस्त्याने मागे येऊन रंध्याकडे वळा. घाटघर आणि सांदण दरी या दिवसात घालू नका, खाली कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगतो.

काळ म्हणाल तर पाऊस उघडल्यानंतरचा. श्रावणात धबधबे असतात हे खरं, पण शनिवार-रविवारी माणसंही तितकीच असतात, आणि धुक्यात पुढच्या गाडीचे लाल दिवे सोडून काही दिसत नाही. सप्टेंबरच्या शेवटी पठारांवर सोनकी पिवळी असते, ऑक्टोबरात भात निसवून वाकलेला असतो. रंध्याला तोवर थोडंफार पाणी टिकलेलं असतं.

ज्यांनी ही वाट केली आहे त्यांनी भर घालावी. अकोले ते सिन्नर या टप्प्याबद्दल मला अजून ऐकायचंय.

कातळवेडी

धागा आवडला, पण सांदण वगळायची शिफारस पटली नाही. सह्याद्रीत कातळाला अशी उभी चीर पडलेली दुसरी जागा दाखवा. साम्रद गावातून चालत थोड्या वेळात तुम्ही दरीच्या तोंडाशी पोचता. दोन्हीकडे दोनशे-तीनशे फूट उंच भिंती, काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडे टेकतात. ऊन तळाशी फारच थोडा वेळ उतरतं.

हे कसं झालं तेही सांगते, कारण तिथे गेलेली निम्मी माणसं भूकंपाने डोंगर फाटला असं सांगत येतात. आपला सगळा डोंगर म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक पसरलेले आडवे थर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. थर आडवे असले तरी त्यांच्यात उभ्या भेगा असतात. घाटमाथ्यावर कोसळणारं पाणी सगळ्यात जवळच्या उताराने कोकणाकडे पडायला बघतं, त्याला अशी सरळ भेग सापडली की ते तीच कापत खाली जातं. एका पावसाळ्यात नाही, हजारो पावसाळ्यांत. म्हणून सांदण रुंद होण्याऐवजी खोल होत गेली आणि तिचं दुसरं तोंड थेट कोकणच्या बाजूला उघडतं.

एवढं सगळं दहा किलोमीटरच्या आत असताना देवळासमोर तासभर बसायचं?

गोदातीर

@ कातळवेडी, ताई, तुमचं भूगर्भशास्त्र मान्य, वेळेचं गणित अमान्य. साम्रदला जाऊन तोंडाशी डोकावून परत यायचं असेल तर दोन तास. पण तोंडाशी कुणी थांबत नाही. पहिला मोठे धोंडे असलेला टप्पा ओलांडला की पाणी साठलेली जागा लागते, मग कुणीतरी म्हणतं चला अजून थोडं. बाहेर येईपर्यंत दुपार. मग रंधा पळता पळता, अकोले अंधारात आणि सिन्नरचं गोंदेश्वराचं देऊळ नाहीच. सांदणला वेगळा दिवस द्या, साम्रदचा वाटाड्या घ्या, दोर लागणारे टप्पे करायचे असतील तर मुक्कामच करा.

आणि पावसाळ्यात तर बोलूच नये. वर पाऊस पडत असेल आणि आत तुमच्यावर थेंबही नसेल, तरी पाण्याचा लोट येतो आणि बाजूला सरायला जागा नाही. वनखातं त्या दिवसांत आत सोडत नाही ते उगाच नाही.

कातळवेडी

ठीक. पण मग धाग्यात दरी कुठेय? तुम्ही तर सगळं सपाटच केलंत.

अगस्तीपुरकर

ताई, दरी आहे की. मी अकोल्याचा. रंध्याच्या खाली प्रवरा ज्या घळीत शिरते ती बघितलीय का कधी? लोक धबधब्याचा फोटो काढतात आणि पाठ फिरवतात. कठड्यापाशी उभं राहून नदीच्या वाहत्या दिशेने बघा. सुमारे १७० फुटांवरून उडी मारल्यावर नदी काळ्या कातळाच्या उभ्या भिंतींमध्ये सापडते आणि पुढे बराच पल्ला तशीच वाहते. रस्ता वरून जातो, म्हणून गाडीतल्याला पत्ताच लागत नाही. उतरायच्या भानगडीत पडू नका, घसरून माणसं गेली आहेत. घोरपडा देवीच्या देवळाच्या बाजूने आणि समोरच्या बाजूने, दोन्हीकडून बघा, दोन वेगळे धबधबे वाटतात.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, नंतर शिव्या नकोत. धरणातून पाणी सुटलं म्हणजे रंधा भरून वाहणार असं आता नाही. वरच्या बंधाऱ्यातून पाणी कोदणीच्या वीजनिर्मितीकडे वळतं आणि धबधब्याला वळसा घालून खाली नदीत येतं. धरण ओसंडून वाहत असेल किंवा पाऊस जोरात असेल तेव्हाच खरा रंधा. डिसेंबरात येऊन कातळावरची ओली रेघ बघून चिडणारे पाहुणे दरवर्षी भेटतात.

राजूरला थांबा. पेढे घ्या. रंग थोडा काळपट, गोड बेताचं आणि खव्याला भाजल्याचा वास. पांढरे गुळगुळीत पेढे मागणाऱ्यांनी नाशिकलाच घ्यावेत.

राजूरजवळचं देवगाव हे राघोजी भांगरे यांचं गाव. महादेव कोळी समाजातले, इंग्रज आणि सावकार दोघांविरुद्ध उभे राहिलेले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. १८५७ च्या आधीची गोष्ट आहे ही. तुम्ही ज्या डोंगरांचे फोटो काढता ते त्यांच्या लपायच्या जागा होत्या. रतनगडावर जाताना एवढं मनात असू द्या म्हणजे झालं.

सुनंदा_म

छान माहिती. माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात पण देऊळ म्हटलं की निघतात. या मार्गात त्यांना गाडीतून उतरून कुठे कुठे जाता येईल? आणि स्पष्टच विचारते, बायकांसाठी स्वच्छतागृहांची काय सोय?

गोदातीर

@ सुनंदा_म, अमृतेश्वर अगदी सोपं, गाडी जवळ जाते, चालणं थोडं. गाभाऱ्यात उतरायला पायऱ्या आहेत आणि पावसाळ्यात आत पाणी साठून पिंड पाण्याखाली असते, तेव्हा बाहेरूनच नमस्कार. शेजारची पुष्करणी वरून बघता येते, तिच्या भिंतींतल्या देवळ्या फार सुरेख आहेत. रंध्याला कठड्यापर्यंत हळूहळू जमेल. गोंदेश्वराला चौथऱ्यावर चढायला पायऱ्या, पण आवार सपाट आहे आणि बसायला सावली मिळते.

स्वच्छतागृहाचं खरं सांगायचं तर घोटी, मग शेंडीतली हॉटेलं, मग थेट अकोले. मधे भरवसा ठेवू नका. शेंडीत चहा घेतला तर विचारायला संकोच नको, चांगल्या हॉटेलात कुणी नाही म्हणत नाही.

माहेरवाशीण_सिन्नर

सुनंदाताई, रतनवाडीत घरगुती जेवण आधी फोन करून सांगितलं तर मिळतं. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि तांदूळ तिकडचाच. सासूबाईंना तिखट चालत नसेल तर आधी सांगा, ठेचा त्यांच्या हिशेबाने कमी तिखट असतो, आपल्या हिशेबाने नाही.

निवृत्त_कनिष्ठ_अभियंता

धरणाकडे सगळे पाठ फिरवून जाताहेत म्हणून दोन शब्द. शेंडीला थांबू नका म्हणणाऱ्या धागाकर्त्याशी मी सहमत नाही. विल्सन धरण दगडी बांधकामाचं आहे. काम १९१० ला सुरू झालं आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. उंची ८२ मीटर, साठा अकरा टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट. यंत्रं किती होती त्या काळात? दगड घडवून, चुन्यात बसवून, बैलगाड्यांच्या जगात उभं केलेलं काम आहे हे.

१९६९ मध्ये भिंतीला भेगा गेल्या आणि पाणी झिरपायला लागलं, तेव्हा खालच्या अंगाने आधारभिंती देऊन ती बळकट केली. खाली बागेच्या बाजूने बघितलं तर भिंतीला टेकून उभे असलेले ते जाड पुस्ते दिसतात. लोकांना वाटतं ते मूळचेच नक्षीकाम. भिंतीच्या मोरीतून पाणी सोडलं की खालच्या गोल खडकावरून पसरतं तो अम्ब्रेला फॉल, तो त्याच जागी.

आणि हे पाणी जातं कुठे? खाली निळवंडे धरण, मग ओझरचा बंधारा, तिथून डावा-उजवा कालवा. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी. नगर जिल्ह्याच्या उत्तरेकडचा ऊस आणि सहकारी साखर कारखाने या भिंतीच्या जिवावर उभे राहिले.

अगस्तीपुरकर

साहेब, अगदी बरोबर. फक्त एक जोडतो. पाणी आमच्या अकोले तालुक्यात अडतं, जमिनी आमच्या बुडाल्या आणि ऊस खाली. निळवंड्याला मंजुरी १९७० ची, डाव्या कालव्याचं लोकार्पण २०२३ मध्ये. मधली वर्षं तुम्हीच मोजा. धरण बघायला जरूर या, पण ते नुसतं फोटोतलं पाणी नाही.

निवृत्त_कनिष्ठ_अभियंता

हे नाकारणार नाही. नोकरीत असताना उत्तर देता यायचं नाही, आता द्यायला कुणी विचारत नाही.

हेमाडपंतविरोधी_आघाडी

आलो. कुणीतरी 'हेमाडपंती' म्हणायच्या आत सांगून टाकतो. अमृतेश्वर हेमाडपंती नाही. हेमाद्री पंडित हे यादवांचे मंत्री, तेराव्या शतकातले. अमृतेश्वर त्याच्या बरंच आधीचं, शिलाहारांच्या काळातलं. झंझ राजाने नद्यांच्या उगमांशी बारा शिवालयं बांधली अशी परंपरा सांगतात, त्यातलं हे एक मानतात. शिखर भूमिज पद्धतीचं आहे. उभ्या पट्ट्या आणि त्यांच्या मधल्या जागेत एकावर एक रचलेली छोटी शिखरं, तळाशी मोठी, वर लहान होत जाणारी. हे नीट डोक्यात ठेवा, कारण दिवसाच्या शेवटी सिन्नरला गोंदेश्वरासमोर उभे राहाल तेव्हा तीच पद्धत मोठ्या आकारात दिसेल. म्हणूनच धाग्यातला क्रम मला पसंत आहे. उलट दिशेने आलात तर आधी गोंदेश्वर बघून अमृतेश्वर किरकोळ वाटतं, आणि ते अजिबात किरकोळ नाही.

मधे टाहाकारी. इथे घाई करणारा माझा मित्र नाही. आढळा नदीच्या काठी, समशेरपूरच्या अंगाला. जगदंबेचं देऊळ, तीन गाभारे एकाच मंडपाला जोडलेले. वरचं शिखर मूळचं राहिलेलं नाही, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटतं एवढ्यासाठी आलो का. जवळ जा. बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींच्या मूर्ती आहेत. कुणी आरशात बघतेय, कुणी नाचतेय, कुणाच्या पायाशी माकड लुडबुडतंय. दुपार कलल्यावर तिरप्या उन्हात गेलात तर दागिन्यांचा मणी न् मणी मोजता येतो. भर बाराला सगळं सपाट दिसतं.

अकोल्यात सिद्धेश्वर चुकवू नका. गावात विचारलं की कुणीही सांगेल.

गोंदेश्वर म्हणजे शैव पंचायतन. मधे शिव, चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य, समोर नंदीचा मंडप, सगळं एका चौथऱ्यावर. यादव देवगिरीला गेले ते बाराव्या शतकाच्या शेवटी, भिल्लम पाचव्याच्या वेळी. त्याआधी त्यांचं बस्तान इकडेच, सेऊणपुरात, म्हणजे आपल्या सिन्नरात. आज आपण सिन्नरला एमआयडीसी आणि बायपास यांच्यासाठी ओळखतो, असो.

माहेरवाशीण_सिन्नर

'असो' काय? सिन्नरकरांनी काय घोडं मारलंय तुमचं? विडी म्हणा, एमआयडीसी म्हणा, पोट भरायचे उद्योग आहेत. आणि माळेगाव एमआयडीसीतच गारगोटी संग्रहालय आहे, ते कुणी काढलंच नाही. वर कातळवेडींनी लाव्ह्याचे थर सांगितले ना, त्या थरांतल्या पोकळ्यांत जे स्फटिक तयार होतात ते तिथे मांडलेत. झिओलाइट, अ‍ॅपोफिलाइट. विहिरी खणताना, खाणीत निघालेले. लहान मुलं बरोबर असतील तर गोंदेश्वराआधी तिथे न्या.

ऐश्वरेश्वराचं देऊळही विसरलात. लहान आहे, पण त्याचं मकरतोरण, म्हणजे कोरीव कमान, बघायलाच हवं.

कातळवेडी

@ माहेरवाशीण, गारगोटी! एवढं तरी माझ्या बाजूचं निघालं. सांदण सोडते, हे घेते.

बुलेटवाला_इंदिरानगर

दुचाकीवाल्यांसाठी. बारी ते शेंडी आणि रतनवाडीकडे वळणांवर शेण, चिखल, भाताच्या पेंढ्या, काहीही असतं. उतारावर ब्रेक दाबून धरू नका, खालच्या गिअरवर सोडा. संध्याकाळी गुरं परततात, हॉर्न वाजवून ती बाजूला होत नाहीत, बिचकतात. रतनवाडी आणि साम्रदच्या पट्ट्यात मोबाइलला रेंज धड नसते, नकाशा आधी उतरवून घ्या. अभयारण्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते, सुटे ठेवा. हा सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, मोठ्याने गाणी लावून जाणाऱ्या चारचाकीवाल्यांनीही हे वाचावं.

अकोले-ठाणगाव-सिन्नर रस्ता अरुंद आहे पण गर्दी नाही. पवनचक्क्या दिसायला लागल्या की पट्ट्याचा डोंगर आला समजा. विश्रामगड तो हाच. जालन्याच्या मोहिमेवरून परतताना १६७९ मध्ये महाराज इथे थांबले होते. वर गाडीरस्ता बराच जातो, पण या दिवसात तोही कोंबायचा म्हटलं तर गोदातीर चिडतील.

गोदातीर

चिडणारच.

त्र्यंबकरोड

सगळे एकाच दिशेला का पळताय? त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करा. मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा, दाभोसा धबधबा, सुरतेच्या १६६४ मधल्या स्वारीला जाताना महाराज जिथे थांबले ते शिरपामाळ, आणि वारली चित्रं काढणाऱ्यांच्या घरी बसून चित्र विकत घेता येतं. सुट्टीच्या दिवशी भंडारदऱ्यात जितकी माणसं तितकी तिकडे वर्षभरात नसतील.

हेमाडपंतविरोधी_आघाडी

जव्हार उत्तम, पण त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो. इथे भेसळ नको.

अगस्तीपुरकर

तारखेबद्दल एक महत्त्वाचं राहिलं. धागाकर्ते ऑक्टोबर म्हणाले, पण नवरात्र टाळा. या वाटेवर कळसूबाई, रंध्याची घोरपडा देवी आणि टाहाकारीची जगदंबा, तिन्ही देवीची ठाणी आहेत. बारीत त्या नऊ दिवसांत गाड्यांची रीघ लागते, टाहाकारीला यात्रेचं वातावरण. दर्शनाला यायचं असेल तर जरूर या, तेव्हाची मजा वेगळी. पण मूर्तिकाम बघायचं असेल तर कोजागिरीनंतरचा आठवडा धरा.

आणि राहीबाई पोपेरे आमच्याच तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या. गावठी बियाणं जपलं म्हणून २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. येताना रस्त्यात बाया वाल, घेवडा, काळभाताचे तांदूळ घेऊन बसलेल्या दिसल्या तर घासाघीस न करता घ्या. पेढ्यांवर पैसे घालवता तसे त्यावरही घालवा.

सुनंदा_म

ठरलं. कोजागिरीनंतरचा शनिवार. सासूबाईंना अमृतेश्वर, रंधा लांबून, टाहाकारी आणि गोंदेश्वर. धरण यजमानांना बघायचंय, ते पुस्ते शोधत बसतील. शेवटचा प्रश्न, सिन्नरहून घरी यायला पुणे रस्ताच बरा की पांढुर्लीवरून भगूर-देवळाली?

माहेरवाशीण_सिन्नर

सिडको-इंदिरानगरला राहत असाल तर पांढुर्ली बरी, नाशिकरोडच्या सिग्नलांत अडकत नाही. पण अंधार पडला असेल तर सरळ पुणे रस्ता धरा. पांढुर्लीच्या बाजूला कांदे, टोमॅटोच्या गाड्या बिनादिव्याच्या उभ्या असतात.